धूर कुणाच्या वाट्याला?

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळुरातल्या बसवनगुडीत पाय ठेवायला जागा नसते. दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या देवळाबाहेर रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांच्या राशी लागतात. ही ‘कडलेकायी परिषे’, शेंगांची जत्रा. इथे पूर्वी सुंकेनहळ्ळी गाव होतं. शेतातल्या शेंगा फस्त करणाऱ्या बैलाची कथा जुनी माणसं अजून सांगतात, आणि नवं पीक आधी त्या नंदीला वाहायची रीतही टिकून आहे. शेंगा तीन तऱ्हेच्या मिळतात: कच्च्या, उकडलेल्या आणि भाजलेल्या.

या गर्दीत एक मामा आणि त्यांची भाची फिरत होते. मामा मूळचे बेळगावचे, चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरात आले आणि इथलेच झाले. भाची मैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये अन्नतंत्रज्ञान शिकली आणि आता बंगळुरातल्या एका प्रयोगशाळेत खाद्यतेलाचे नमुने तपासते. दर हिवाळ्यात बेळगावकडच्या मळ्यावर हुरड्याला माणसं जमवायची, हा मामांचा नेम. कानडीत ज्याला सीतनी म्हणतात तो हुरडा. यंदा बेत ठरत असताना भाची फोनवर एवढंच म्हणाली होती, “मामा, या वेळी आगटीचं जरा बघायला हवं.” तेव्हापासून मामा धुसफुसत होते.

“या भाजलेल्या शेंगा खायच्या की तुझ्या लॅबमध्ये पाठवायच्या?” त्यांनी पुडी पुढे करत विचारलं.

“खुशाल खा. वाळूत भाजल्यात. चुलीचा धूर कढईखाली राहिला आणि दाणा टरफलात. माझं भांडण भाजण्याशी नाहीच.”

“मग कशाशी आहे?”

“धुराची आणि अन्नाची गाठ जिथे पडते, तिथे.”

भाचीचं म्हणणं समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं. लाकूड, कोळसा, चरबी, तेल, तंबाखू, डिझेल यांपैकी काहीही पुरेशा हवेशिवाय अर्धवट जळलं, की कार्बनची षटकोनी कडी एकमेकांना चिकटतात आणि मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखे सपाट रेणू तयार होतात. त्यांना पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात, थोडक्यात, पीएएच. त्यांचे शेकडो प्रकार आहेत. सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो पाच कड्यांच्या बेंझो-ए-पायरीनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलंय. माणसात कर्करोग घडवतात हे ज्यांच्याबद्दल नक्की झालंय, अशा पदार्थांचा तो गट. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. शरीर त्याला बाहेर काढण्यासाठी त्यात ऑक्सिजन जोडू लागतं, आणि या खटाटोपात त्याचं एक असं रूप तयार होतं की ते डीएनएला जाऊन चिकटतं.

ही ओळख पटायला दीडशे वर्षं लागली. 1775 साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. 1915 साली जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून तिथे कर्करोग घडवून दाखवला. 1930 नंतरच्या काही वर्षांत लंडनच्याच संशोधकांनी ढीगभर कोळशाच्या डांबरातून बेंझो-ए-पायरीन वेगळं काढलं, आणि काजळीतल्या गुन्हेगाराला नाव मिळालं.

“ती धुराड्यात उतरणारी पोरं काजळीत बुडालेली असायची,” मामा म्हणाले. “मी वर्षातून दोनदा हुरडा खातो आणि पावसाळ्यात चार कणसं. माझे आजोबा जन्मभर चुलीवरचं जेवले आणि नव्वदीला टेकले. तू मला त्या पोरांच्या रांगेत कसं बसवतेस?”

भाचीने हे हसण्यावारी नेलं नाही. मामांचा प्रश्न बरोबर होता. एखादा पदार्थ विषारी आहे का, हा एक प्रश्न. आणि आपल्या पोटात तो किती जातो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ऐकून घाबरणारे लोक दुसऱ्याकडे वळतच नाहीत. आजोबांच्या नव्वदीबद्दल मात्र तिने एवढंच म्हटलं, की जे नव्वदीपर्यंत पोचले नाहीत त्यांची गोष्ट सांगायला घरात कुणी उरत नाही.

कोपऱ्यावर कणीसवाला बसला होता. हातपंख्याने फुलवलेले निखारे, वर आडवी कणसं, बाजूला लिंबू आणि तिखटमीठ. मामांनी दोन सांगितली. भाची कणीसवाल्याला म्हणाली, “कप्पु बेड.” काळं नको. त्याने मान डोलावली, कणीस ज्वाळेवरून उचललं आणि राख धरलेल्या लाल निखाऱ्यावर फिरवत राहिला.

“हे बघा,” ती म्हणाली, “कणसात चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे निखाऱ्यावर टपकायला काही नाही. ज्वाळ टाळली आणि कोळसा झालेले दाणे सोडून दिले, की बराचसा प्रश्न मिटतो. कबाबाचं तसं नाही.”

कबाबाचं कसं, हे 1964 साली समजलं. अमेरिकेतल्या लिजिन्स्की आणि शुबिक या दोन संशोधकांनी कोळशावर भाजलेल्या मांसाचे जाड तुकडे तपासले आणि ते ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. बेंझो-ए-पायरीनचं सरासरी प्रमाण निघालं किलोमागे सुमारे 8 मायक्रोग्रॅम. एका किलोचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले आठ. आकडा चिमुकला वाटतो. पण युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसाला आज 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे, हे पाहिलं की त्याचं वजन कळतं. ते येतं कुठून, याचा उलगडाही होत गेला. मांसातली चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिथे ती जळते, तिचा धूर वर येतो आणि त्यातले पीएएच पुन्हा त्याच मांसावर जाऊन बसतात. फ्रेझर टाउनच्या मॉस्क रोडवर रमजानच्या संध्याकाळी शिगांमधून थेंब पडल्यावर जो ‘चर्र’ आवाज येतो आणि ज्या वासाने पाय थबकतात, नेमकी तीच ही क्रिया.

“म्हणजे चव आणि विष एकाच धुरातून येतात,” मामा म्हणाले.

“काही प्रमाणात हो. पण सगळी चव त्यात नसते. खरपूसपणाची चव पृष्ठभाग तापून तपकिरी होण्यातून येते, त्याला चरबीचा धूर लागत नाही. निखारे शिगांच्या बरोबर खाली न ठेवता बाजूला ठेवले तर थेंब आगीवर पडतच नाहीत. चरबी आधी काढून टाका, शीग फिरवत राहा, जळलेली कड कापून टाका. कारागिराला हे शिकवावं लागत नाही, त्याला फक्त घाई करू द्यायची नाही.”

मामांना वांग्याच्या भरताची आठवण झाली. वांगं तर सरळ निखाऱ्यात किंवा गॅसच्या ज्वाळेवर काळंठिक्कर होईस्तोवर भाजतात. भाचीने त्याला अभय दिलं. वांग्यात चरबी नाही, आणि काजळी बसते ती सालीवर. साल आपण सोलून फेकतो. फक्त सोलताना काळे कण गरात मिसळू द्यायचे नाहीत. वांगं नळाखाली न धुता सोलण्याचा मामींचा आग्रह मात्र तिला पसंत नव्हता.

दोघं एका दर्शिनीत शिरले. उभ्याने खायची ही हॉटेलं बंगळुराच्या अंगवळणी पडलेली. कॉफी आली. मामांनी भुवया उंचावून पेल्याकडे बोट दाखवलं, कारण कॉफीची बीसुद्धा भाजलेलीच असते. भाची म्हणाली, भाजताना थोडे पीएएच तयार होतात, पण ते पाण्यात उतरायला नाखूश असतात. बरेचसे चोथ्यातच राहतात. मग तिने बिलाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला.

अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने 2005 साली पीएएचचा आढावा घेतला. उंदरांना दोन वर्षं डांबरमिश्रित अन्न देऊन केलेला एक मोठा प्रयोग समितीपुढे होता. गाठींचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढवणारी मात्रा, सावधपणे धरलेली, दर किलो वजनामागे रोज एक लाख नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीन अशी निघाली. माणसांच्या आहारात ते त्याच मापाने सरासरी 4 नॅनोग्रॅम जातं, आणि जास्त खाणाऱ्यांच्या आहारात 10. एक लाखाला चाराने भागलं की 25,000. दहाने भागलं की 10,000. या आकड्याला सुरक्षेचं अंतर म्हणतात. डीएनएला इजा करणाऱ्या पदार्थांसाठी हे अंतर 10,000च्या वर असेल तर काळजी कमी, खाली गेलं तर लक्ष घालायला हवं.

“मग पंचवीस हजार म्हणजे भरपूर झालं!” मामांनी पेला ठेवला. “सरासरी माणूस सुखरूप आहे.”

“सरासरी माणूस. जास्त खाणारा बरोबर उंबरठ्यावर आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2008मध्ये एकाऐवजी चार पीएएच एकत्र मोजावेत असं ठरवलं. त्या हिशेबात जास्त खाणाऱ्यांचं अंतर 9,900 निघालं, उंबरठ्याच्या जरासं खाली. घाबरावं असं नाही, आणि झटकून टाकावं असंही नाही.”

“आणि हे सगळं माझ्या कबाबातून येतं?”

इथे भाची थोडी थांबली, कारण उत्तर तिच्या मामांच्या बाजूचं होतं. त्याच युरोपीय अहवालात आहारातून येणाऱ्या पीएएचचे दोन सर्वांत मोठे स्रोत निघाले ते धान्याचे पदार्थ आणि समुद्रातलं खाणं. 2001 साली अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बेंझो-ए-पायरीनच्या रोजच्या सेवनात पाव आणि धान्याचा वाटा 29 टक्के होता, भाजलेल्या मांसाचा 21.

“म्हणजे बदनामी कबाबाची आणि चोर निघाली भाकरी!”

“चोर नाही, मामा. भाकरीत ते अगदी किंचित असतं, पण भाकरी आपण रोज खातो, दोन्ही वेळा खातो. कबाबात जास्त, पण महिन्यातून एकदा. थेंबे थेंबे तळे, तसंच हे.”

धान्यात ते येतं तरी कसं? काही हवेतून: रस्त्याकडेच्या शेतात वाहनांची काजळी पानांवर आणि कणसांवर बसते. काही वाळवण्यातून: जिथे धान्य थेट भट्टीच्या धुरावर वाळवतात तिथे. बंगळूरहून तुमकूरकडे किंवा कोलारकडे हिवाळ्यात निघालं, की डांबरी रस्त्यावर नाचणीची कणसं आणि हुलग्याचे वेल पसरलेले दिसतात. मळणीचा खर्च वाचावा म्हणून ते गाड्यांच्या चाकांखाली घालतात. डांबर, टायरची झीज, डिझेलचा धूर, तिन्हींत पीएएच असतात. शेतकऱ्याला खळं आणि मळणीयंत्र वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळालं, तर त्याला हायवेवर जीव धोक्यात घालून हुलगे पसरायची हौस नाही.

तेलाचं प्रकरण तर भाचीच्या रोजच्या कामातलं. पीएएच चरबीत विरघळणारे, म्हणून तेल त्यांना धरून ठेवतं. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2004 साली भारतीय बाजारातल्या खाद्यतेलांचे नमुने तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत कमीअधिक पीएएच सापडले. त्याआधी 2001मध्ये स्पेनला ऑलिव्हच्या चोथ्यापासून काढलेलं तेल बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं, कारण चोथा वाळवताना त्यात बेंझो-ए-पायरीन भरलं होतं. आपल्याकडे खोबऱ्याचं उदाहरण जवळचं. कर्नाटकातल्या तिपटूरचं गोटा खोबरं नारळ फोडून वाळवत नाहीत. अख्खे नारळ माळ्यावर आठ-दहा महिने ठेवतात, आत गोटा सुकून खुळखुळू लागतो. याउलट दमट किनारपट्टीवर, जिथे ऊन पुरत नाही, तिथे फोडलेलं खोबरं करवंट्या आणि सोडणं जाळून त्याच धुरावर वाळवायची पद्धत आहे. फळ एकच, पण वाळवण्याच्या रीतीने तेलाचा पीएएचचा आकडा बदलतो. शुद्धीकरणात सक्रिय कोळशाची भुकटी वापरली की जड पीएएच तिला चिकटून तेलाबाहेर पडतात. ते काम करायचं की नाही, हे कारखान्याच्या हातात असतं; बाटली विकत घेणाऱ्याला चवीवरून ते ओळखता येत नाही.

“हे मला पटतं,” मामा म्हणाले. “पण सरकार काय करतं बघ. मोठ्याकडे बघत नाही, गाडीवाल्याच्या मागे लागतं.”

भाचीने इथे वाद घातला. मार्च 2024मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बालमधल्या घातक रंगांवर बंदी घातली, जूनमध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर. तिच्या मते ते योग्यच होतं. ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग. तो कुणीतरी बाटलीतून काढून मुद्दाम घालतो. घालणं थांबवा, प्रश्न संपला. पीएएच कुणी घालत नाही. ते आगीत आपोआप तयार होतात. त्यावर बंदी म्हणजे आगीवर बंदी. म्हणून जगभर यासाठी दोनच हत्यारं वापरतात: मर्यादा आणि रीत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने 2009मध्ये धुरावणं आणि थेट वाळवणं यांत पीएएच कमी कसे करावेत याची आचारसंहिताच काढली: कोणतं लाकूड, किती अंतर, किती वेळ, धूर कुठे गाळायचा.

“आणि मर्यादा घातली की परंपरा मेली,” मामांनी मुद्दा सोडला नाही. “मुंबईचं बघ. लाकडाच्या भट्टीतला पाव आता मिळायचा नाही.”

जानेवारी 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं असा आदेश दिला, आणि महापालिकेने बेकऱ्या, हॉटेलं, तंदूर भट्ट्या यांना नोटिसा धाडल्या. जुन्या इराणी बेकऱ्यांच्या मालकांनी चवीचं आणि खर्चाचं दुःख बोलून दाखवलं. मामांची हळहळ खरी होती. पण भाचीने लक्ष वेधलं की तो आदेश पावासाठी नव्हताच. शहराच्या हवेसाठी होता. भट्टीच्या धुराड्यातून निघणारा धूर गल्लीत राहणाऱ्या लेकरांच्या छातीत जातो, मग पावात काही उतरो न उतरो.

परंपरेबद्दल मात्र तिने मामांच्या हातात एक पुरावा दिला. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसाची बेंझो-ए-पायरीनची मर्यादा सप्टेंबर 2014पासून 5वरून 2 मायक्रोग्रॅमवर आणली, तेव्हा पोलंड, लाटव्हिया, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांतले पारंपरिक धुरावणारे अडचणीत आले. त्या देशांना आपापल्या बाजारात काही काळ जुन्या मर्यादेवर राहायची सवलत मिळाली; अट अशी की रीत शक्य तिथे सुधारत राहायची. म्हणजे शास्त्र आणि परंपरा यांच्यात वाटाघाटी होऊ शकतात.

“मग गोव्याच्या चोरीसांवालाही तशी सवलत दे,” मामा हसले. चुलीवर टांगून धुरावलेलं गोव्याचं सॉसेज त्यांना जीव की प्राण.

“देईन. पण आधी मोजेन. मोजल्याशिवाय सवलत नाही आणि दोषही नाही.”

घरी परतताना दोघं एका मिलिटरी हॉटेलावरून गेले. शहाजीराजांकडे 1638 साली बंगळूर आलं, तेव्हापासून मराठी घराणी या शहरात नांदत आली. मांसाहारी मिलिटरी हॉटेलांपैकी काही तर मराठा कुटुंबांनीच चालवली. तिथली ‘दोन्ने’ बिर्याणी, म्हणजे आपल्या द्रोणातली बिर्याणी, कित्येक ठिकाणी आजही लाकडाच्या आगीवर शिजते. लाकडाचा वास रस्त्यावर आला होता. मामा विजयी मुद्रेने थांबले.

“हे बोल आता. लाकूड, धूर, मटण, सगळं आहे.”

“बिर्याणी उत्तम,” भाची म्हणाली. “जाड बुडाचं भांडं, झाकण घट्ट, चरबी आत राहते, धूर बाहेर. चुलीवर बंद भांड्यात शिजलेल्या रश्श्यात धुराचे पीएएच फार उतरत नाहीत. म्हणून ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी वाचून मला ताटाची काळजी वाटत नाही.” मग तिने आत बोट केलं. “मला त्याची वाटते.”

आत एक माणूस चुलीत ओंडका सरकवत होता. डोळे लाल, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत.

सिगारेट न ओढणाऱ्या, स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या शरीरात पीएएच प्रामुख्याने अन्नातून जातात. लाकूड आणि गोवऱ्यांपुढे तासन् तास बसणाऱ्याचं गणित वेगळं. त्याच्या ताटात थोडं जातं, फुप्फुसात पुष्कळ. कर्करोग संशोधन संस्थेने घरात कोळसा जाळण्याचा धूर पहिल्या गटात आणि लाकूड-गोवऱ्यांचा धूर बहुधा कर्करोगकारक अशा 2-ए गटात ठेवलाय. त्याच गटात फार तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या वाफाही आहेत. भजी तळणाऱ्याच्या तोंडावर दिवसभर येणाऱ्या त्या याच.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. लग्न होऊन बेळगावच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला चूल आली होती. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकणीने फुंकताना डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, सासूबाईंचा खोकला उन्हाळ्यातही थांबायचा नाही. घरच्या पुरुषांना त्या चुलीची चव आठवते. मामींना त्या चुलीचा धूर आठवतो.

“हुरड्याला तुम्ही पन्नास माणसं बोलावता,” त्या मामांना म्हणाल्या. “ती तासभर बसतात, हुरडा खातात, फोटो काढतात, जातात. सालदाराची बायको सकाळपासून संध्याकाळपर्यंत आगटीला बसलेली असते. तिचा विचार कुणी केला?”

मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागद मागितला आणि भाचीला सांगायला लावलं.

आगटी पाहुणे यायच्या तासभर आधी पेटवायची. गोवऱ्यांचा पांढरा दाट धूर निघून जाऊ द्यायचा, लाल निखारा आणि राख उरली की मगच ज्वारीची कणसं आत घालायची. प्लॅस्टिक, रंगवलेली फळी, टायरचा तुकडा पेटवणासाठी वापरायचा नाही. जळून कोळसा झालेली कणसं बाजूला टाकायची. कणीस हातावर चोळून, फुंकर मारून राख आणि कोंडा उडवायचा. ते तर आपण पिढ्यान् पिढ्या करतच आलोय. मांस भाजायचं असेल तर निखारे बाजूला ओढून खाली पाण्याचं पसरट भांडं ठेवायचं, म्हणजे चरबी आगीवर पडणार नाही. आणि आगटी वाऱ्याच्या बाजूने मांडायची, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीवरून वारा येऊन धूर पलीकडे जाईल.

शेवटचा मुद्दा मामांनी स्वतः लिहिला: आगटीवर बसणाऱ्याची पाळी दर अर्ध्या तासाने बदलायची, आणि पहिली पाळी यजमानाची.

या हिवाळ्यात महाराष्ट्रात आणि सीमाभागात शेकडो मळ्यांवर हुरड्याच्या आगट्या पेटतील, शहरांत ‘चुलीवरचं’ लिहिलेल्या पाट्यांखाली गर्दी होईल. तिथे जाल तेव्हा दोन गोष्टी बघा. अन्न आणि धूर यांच्यामध्ये भांडं, साल किंवा टरफल आहे का, हे बघा. नसेल तर काळं बाजूला सारून खा. आणि चुलीपुढे कोण बसलंय, तिच्या डोक्यावर धूर जायला वाट आहे का, हेही बघा. वाट नसेल तर मालकाला सांगा. जेवणाचे पैसे तुम्ही देता, तेव्हा तुमचं म्हणणं तो ऐकेल.